अर्धा गुण

एकतीस वर्षं मी फळ्यावर एकच वर्तुळ काढलं.
वर चौकोनात कुटुंबं, खाली चौकोनात उद्योगसंस्था,
बाण इकडून तिकडं, तिकडून इकडं.
मजुरी गेली, माल आला, पैसा फिरला.
हात इतका बसला होता
की बोलता बोलता, पाठमोरं न होताही
रेघ रेघेला बरोबर जुळायची.

औशाचं कॉलेज, अकरावी कला, मागचा बाक.
नफिसा तांबोळीनं विचारलं होतं,
"सर, हे फिरतंय कशावर?
ह्याची वायर कुठं जोडलीय?"
वर्ग हसला. मीही.
तेवढ्यात लाईट गेली आणि पंखा
आपल्याच सवयीनं थोडा वेळ फिरत राहिला.

सहामाहीला प्रश्न आला: उत्पादनाचे घटक लिहा.
भूमी, श्रम, भांडवल, संयोजक,
आणि पाचवा, तिच्या तिरक्या अक्षरात,
लाईट.
पुस्तकात चारच होते.
मी लाल पेनानं पाचवा खोडला,
जादा लिहिल्याबद्दल अर्धा गुण कापला.

निवृत्तीच्या दुसऱ्या उन्हाळ्यात घरच्या बोअरची मोटार जळाली.
रिक्षात घालून नेली लातूर रोडला,
तांबोळी वायंडिंग वर्क्स.
पत्र्याखाली वार्निशचा वास,
पोट फाडून ठेवलेल्या मोटारी ओळीनं,
आणि स्टुलावर नफिसा, चष्मा कपाळावर,
खाचांतून तांब्याची तार ओढत, ओठांत आकडे मोजत.
हात न थांबवता म्हणाली,
"या सर. किती फुटावर हाय?"

तिच्या अब्बांची वही खिळ्याला टांगलेली,
तेलानं काळी, कोपरे झडलेली.
एकाच वावराच्या नोंदी मी बोटानं वाचत गेलो.
आलमला शिव, चिंचेखालचा बोअर:
एकशे चाळीस फूट, तीन एचपी, दोन इंच पाणी.
दोनशे नव्वद, पाच एचपी, दोन इंच.
पाचशे दहा, साडेसात, दीड इंच.
आठशे साठ, साडेबारा, एक इंच.
आणि पुढं एकच शब्द: कोमट.

वीस वर्षं, तेवढंच वावर, तोच ऊस.
माझ्या पुस्तकात ही सगळी वाढच ठरली असती.
बोअर पाडला, वाढ.
मोटार जळाली, भरली, वाढ.
पुन्हा जळाली, आणखी वाढ.
खाली जे उणं होत गेलं
त्याला रकानाच नव्हता.
आणि प्रत्येक नियमाच्या आधी
मी पोरांकडून घोकून घेतलेलं ते वाक्य:
इतर परिस्थिती कायम असताना.

इतर परिस्थिती.
म्हणजे मांजरा.
म्हणजे काळ्या पाषाणातल्या भेगा,
आपल्या आज्यापणज्यांवर पडून गेलेला पाऊस
जिथं अंधारात साठून होता.
म्हणजे परळीकडं जाणारी कोळशाची मालगाडी,
माणूस नव्हता तेव्हाचं अख्खं रान घेऊन,
वर्गातल्या पंख्याच्या तीन पात्यांसाठी.

नफिसानं जळकी तार तराजूत टाकली.
"अब्बा म्हणायचे, तांबं परत येतंय,
वितळवलं की पुन्हा तार.
पाणी बी येईल, उशिरा का व्हईना.
पर लाईट एकदा मोटारीतनं गेली की गेली, सर.
हात लावून बगा, नुसती गरम होऊन गेलीय.
तिला भंगारवाला बी घेत नाही."

मी हात लावला. खरंच गरम होतं लोखंड,
कुणीतरी आत्ताच कामावरून उठून गेल्यासारखं.

पैसे दिले. पावतीच्या पाठीवर
तिच्याच पेन्सिलीनं लिहिलं:
पाचवा घटक बरोबर. अधिक अर्धा.
तिनं दोनदा वाचलं,
पावती वहीत सरकवली, आलमल्याच्या पानात.
"निकाल तर लागून गेला की, सर."

रिक्षा वळताना मागनं ओरडली,
"वीस मिनिटंच चालवा!
भेगा भरायला टाईम लागतो!"